वल्ही मारण्याच्या यंत्रावर पायात काय असावे?

फेस्ताला घालायचे बूट वेगळे, चिखलात उतरताना पाय उघडे, आणि खाणीवर जाणाऱ्याला जड सेफ्टी बूट. आपल्या सुर्ला, पाळी, वेळगे भागातील घरांत पायताणांची एवढीच वाटणी पुष्कळ वर्षे पुरली. परंतु आता व्यायामशाळेत जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि तेथे बसून वल्ही मारण्याचे यंत्र दिसू लागले आहे. त्यावर बसताना पायात काय घालावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण मधुमेही माणसाच्या आणि शेतात उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो मुळीच क्षुल्लक नाही. म्हणून या वेळी आपल्या शेती-आरोग्याच्या पानावर त्याचा विचार करू.

शेतात राबणाऱ्याला निराळा व्यायाम कशाला, असे कोणी म्हणेल. पूर्वी हे म्हणणे खरे होते. पण 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद झाल्या तेव्हा कित्येकांचे रोजचे चालणे-चढणे थांबले. शेतीही पुष्कळांची आता वायंगणापुरती किंवा परसापुरती उरली आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळले, शंभरात 26 हून अधिक प्रौढ माणसे. डॉक्टर व्यायाम सांगतात, गुडघे चालू देत नाहीत, अशा माणसाला बसून करायचा हा व्यायाम सोयीचा वाटतो, कारण अंगाचा भार बैठकीवर राहतो.

यंत्राची रचना साधी आहे. सरकत्या बैठकीवर बसायचे, दोन्ही पाय समोरच्या तिरप्या फळ्यांवर पट्ट्यांनी बांधायचे आणि साखळीला जोडलेला दांडा पोटाकडे ओढायचा. साखळी एका पंख्याचे चाक फिरवते. जितक्या जोराने ओढाल तितका वारा अडवतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील ड्रायसिगॅकर या दोघा भावांनी 1981 साली काढलेले कन्सेप्ट टू यंत्र आज जगभर याच कामासाठी वापरतात.

पाहणाऱ्याला हा हातांचा व्यायाम वाटतो. तसा तो नाही. आधी पायांनी फळी रेटायची, मग कंबरेतून मागे झुकायचे, आणि शेवटी हात ओढायचे. निम्म्याहून अधिक जोर पायांचा असतो. नदीत बांबूच्या दांड्याने होडी ढकलणारा माणूस पाहा: त्याचा उघडा पाय फळीवर घट्ट रोवलेला असतो. पाय रोवला नाही तर दांडा कितीही रेटा, होडी हलत नाही. पायताणाची निवड याच एका गोष्टीवरून करायची आहे. पायाचा रेटा वाटेत न हरवता फळीपर्यंत पोचला पाहिजे.

त्यामुळे धावण्याचे महागडे बूट या यंत्रावर उपयोगाचे नाहीत, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. धावताना पाऊल जमिनीवर आपटते, तो धक्का सोसण्यासाठी त्या बुटांच्या तळाला जाड, मऊ थर दिलेला असतो. यंत्रावर पाऊल आपटतच नाही. तेथे तो मऊ थर प्रत्येक रेट्याला आधी स्वतः दबतो. भाताच्या पेंढ्यावर उभे राहून पहार मारावी तसे होते. शिवाय अशा बुटांची टाच जाड असल्याने पाऊल पुढे कलते आणि पट्टीखाली नीट बसत नाही.

मग कोणते घ्यावेत? तळ पातळ, सपाट आणि टणक. चवड्याच्या जागी मात्र वाकणारा. पुढे आल्यावर टाच थोडी उचलली जाते आणि रेटताना पुन्हा खाली टेकते, म्हणून तेथे बूट वाकलाच पाहिजे. सेफ्टी बूट टणक असले तरी वाकत नाहीत, म्हणून ते बाद. फेस्ताचे चामडी बूटही बाद, त्यांचा तळ गुळगुळीत आणि टाच उंच. चप्पल किंवा सँडल घालून तर बसूच नये. पट्टी चपलेला धरते आणि पाय आतून सुटतो. आमच्या मते शाळेत पी.टी.च्या तासाला मुले घालतात ते साधे कॅनव्हासचे बूट या कामाला पुष्कळ चांगले. ते स्वस्त आहेत म्हणून त्यांना कमी लेखू नये.

टाचेबद्दल एक जुनी परीक्षा उपयोगी पडते. अनवाणी उकिडवे बसा. टाचा जमिनीला टेकलेल्या राहिल्या तर तुमचा घोटा मोकळा आहे, अगदी सपाट तळाचा बूट तुम्हाला चालेल. लावणी-कापणी केलेल्या माणसांना हे सहसा जमते. खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्याच्या टाचा उचलल्या जातात. त्याने किंचित उंच टाचेचा, पण टणकच, बूट पाहावा आणि पुढे येताना नडगी उभी झाली की थांबावे. त्याहून पुढे ओढून नेल्यास गुडघ्यांवर ताण येतो.

शर्यतीच्या नौकेत तर हा प्रश्न मुळातच सोडवलेला असतो: बूट नौकेतच पक्के बसवलेले असतात. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याचे काम करीत. 2012 साली सैन्यात गेले आणि तेथे वल्ही हाती आली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेच्या शर्यतीत ते 13वे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. अशा नौकेतील बुटांच्या टाचा दोरीने खाली बांधलेल्या असतात, म्हणजे नौका उलटली तर पाय आपोआप बाहेर निघावेत. पायाला घट्ट आधार हवा आणि सुटकाही हवी, ही दोन्ही गरजांची जाण त्या दोरीत आहे. व्यायामशाळेतील पट्टीबाबतही तेच धोरण ठेवा. पट्टी बोटांवर नको आणि पावलाच्या उंचवट्यावरही नको. चवड्याचा सर्वांत रुंद भाग जेथे आहे तेथे, म्हणजे नाडीच्या खालच्या भोकांच्या सुमारास यावी. फळीला उंची बदलण्याची भोके असतात, ती त्यासाठीच आहेत. पट्टी करकचून आवळू नये. बोटांना मुंग्या आल्या तर ती घट्ट आहे असे समजून लगेच सैल करावी.

अनवाणी पायांनी शेतात वावरलेल्यांचे पाऊल पुढे पसरट असते, बोटे एकमेकांपासून सुटी. दुकानात लांबीचा नंबर पाहून बूट घेतले की करंगळी चेपते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालूनच बूट घालून पाहावेत. दोन्ही पायांत घालून उभे राहावे, आणि बोटे आत हलतात ना ते पाहावे. लांबीला बरोबर पण रुंदीला कमी असा बूट दुकानदार "वापराने सैल होईल" म्हणून देतो. तो घेऊ नये.

आता मधुमेह असलेल्यांविषयी, कारण खरी काळजी त्यांची आहे. कित्येकांच्या तळपायांची जाणीव हळूहळू कमी होते. पट्टी घासून फोड आला, बुटात खडा राहिला, तरी कळत नाही. घरी मोजा काढताना डाग दिसतो तेव्हा पहिल्यांदा समजते. म्हणून मोजे पांढरे आणि सुती घालावेत. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. नुसत्या मोज्यांनी किंवा अनवाणी यंत्रावर बसणे निरोगी माणसाला एखाद्या वेळी चालेल, त्यांना नाही. घरी परतल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून किंवा घरच्या कोणाला दाखवून. पायावर जखम उघडी असेल तर ती भरेपर्यंत यंत्रावर बसू नये. पाय बधिर वाटत असतील तर हा व्यायाम सुरू करण्याआधीच डॉक्टरांना पाय दाखवावेत.

आणि पावसाळ्यात हीच गोष्ट निरोगी शेतकऱ्यालाही लागू होते. सकाळी यंत्रावर टाचेचे कातडे सोलले आणि दुपारी तोच पाय शेतातल्या पाण्यात गेला, तर उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या सोललेल्या जागेतून शरीरात शिरू शकतात. फोड किंवा चिखल्या असतील तर गमबूट घातल्याशिवाय शेतात उतरू नये. उतरल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत जोराचे दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती औषधांत वेळ न घालवता आरोग्य केंद्रात जावे आणि आपण शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. पुष्कळ जण ताप सांगतात, शेत सांगत नाहीत.

यंत्राचे बूट रस्त्यावर वापरू नयेत, पिशवीतून न्यावेत. आपल्याकडची लाल माती तळाला लागून आत गेली की बैठकीची चाके आणि पट्टी दोन्ही खराब होतात. पावसात बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावेत आणि बोळे भिजले की बदलावेत. चुलीजवळ वाळत घालू नयेत, तळाचा गोंद सुटतो.