गावाची वीजखरेदी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अनेक गावांमध्ये घरोघरी नगरपालिकेच्या शिक्क्याचे एक पत्र येते. अमुक महिन्यापासून तुमची वीज गावाने केलेल्या करारातून घेतली जाईल, नको असेल तर सोबतचे कार्ड परत पाठवा, एवढाच त्याचा मजकूर. बरेच जण ते जाहिरात समजून कचऱ्यात टाकतात. तिथे राहणारी मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. पण हे पत्र वाचण्याजोगे असते, आणि त्याबद्दलचे समज बहुतेक चुकीचे असतात.

‘गावाने वीज कंपनी काढली.’ नाही. वीजबिलाचे दोन भाग असतात: वहन आणि पुरवठा. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, मीटर हे सगळे एव्हरसोर्स, नॅशनल ग्रिड किंवा युनिटिल यांपैकी तुमच्या भागातल्या कंपनीकडेच राहते. बिलही तीच पाठवते आणि वादळात वीज गेली तर फोनही तिलाच करायचा. बदलते ती पुरवठ्याची ओळ: तिथे नवा पुरवठादार आणि गावाने ठरवलेला दर दिसतो. मुंबईच्या उपनगरांत 2009 नंतर अनेकांनी दुसऱ्या कंपनीच्या तारांवरून टाटांची वीज घेतली, त्यांना हा प्रकार लगेच उमगेल. फरक इतकाच, की तिथे प्रत्येक ग्राहकाने स्वतः निवड केली. इथे गाव सगळ्यांच्या वतीने घासाघीस करते. स्वतःची वीज व्यवस्था चालवणारी गावे वेगळी. श्रूजबरीसारख्या गावात तारा आणि पुरवठा दोन्ही गावाकडेच असल्यामुळे तिथे या योजनेचा प्रश्नच येत नाही.

‘आम्हाला न विचारता ओढले.’ या तक्रारीत तथ्याचा अंश आहे, म्हणून ती झटकून टाकू नये. सही न करता ग्राहक योजनेत येतो हे खरे. राज्याने 1997 च्या वीज पुनर्रचना कायद्यातच ही पद्धत घालून दिली. पण त्याआधी गावसभेत किंवा नगर परिषदेत मतदान व्हावे लागते, राज्याच्या नियामक विभागाची मंजुरी लागते, आणि प्रत्येक ग्राहकाला नकार देण्यासाठी किमान 30 दिवस मिळतात. नंतरही दंड न भरता बाहेर पडता येते. ज्यांनी आधीच स्वतंत्र पुरवठादाराशी करार केला आहे, त्यांना आपोआप सामील केले जात नाही. माझ्या मते ही पद्धत योग्यच आहे. सौदा जमतो तो मोठ्या संख्येवर, आणि प्रत्येकाच्या सहीची वाट पाहिली तर ती संख्या कधीच जमणार नाही.

‘बिल नक्की कमी होणार.’ सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो या समजामुळे. कंपनीचा मूळ पुरवठा दर घरगुती ग्राहकांसाठी साधारण दर सहा महिन्यांनी बदलतो. गावाचा करार बहुधा त्याहून लांब मुदतीचा असतो. म्हणजे गाव विकत घेते ते स्थैर्य. नोव्हेंबर 2022 पासूनच्या हिवाळ्यात नॅशनल ग्रिडचा मूळ दर युनिटला 33.891 सेंटवर गेला. महिन्याला 600 युनिट वापरणाऱ्या घराला नुसत्या पुरवठ्याचे 203 डॉलर पडले. महागाईआधीच लांबचा करार करून ठेवलेल्या अनेक गावांत त्या वेळी दर याहून पुष्कळ कमी होता. पण बाजार उतरला की हेच उलटे होऊ शकते. शिकागो शहराने 2012 मध्ये मतदान घेऊन सामूहिक खरेदी सुरू केली. फायदा उरला नाही तेव्हा 2015 मध्ये ग्राहक मूळ कंपनीकडे परत गेले. बचतीची शंभर टक्के हमी देणारा माणूस गावाचा नसतो, हे पक्के लक्षात ठेवा.

हे सांगण्याला कारण आहे. दारात येऊन ‘बिल दाखवा, स्वस्त करून देतो’ म्हणणारे खासगी पुरवठादारांचे विक्रेते आणि गावाची योजना यांत लोक गल्लत करतात. राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने 2018 मध्ये हिशेब मांडला: स्वतंत्रपणे खासगी पुरवठादार निवडलेल्या घरगुती ग्राहकांनी दोन वर्षांत मूळ दरापेक्षा सुमारे 17.7 कोटी डॉलर जास्त भरले. गावाच्या योजनेत सामील व्हायला दारात आलेल्या कुणालाही खाते क्रमांक द्यावा लागत नाही.

‘हरित पर्याय घेतला की घरात सौर वीज येते.’ ग्रिडमधली वीज सगळ्यांची एकत्रच वाहते. गाव खरेदी करते ती नवीकरणीय ऊर्जेची प्रमाणपत्रे, कायद्याने बंधनकारक असलेल्या प्रमाणापेक्षा जास्त. त्या पैशातून पवन आणि सौर प्रकल्पांना उत्पन्न मिळते, म्हणून ही प्रमाणपत्रे पोकळ नाहीत. मात्र ती कुठल्या प्रदेशातली आहेत हे विचारावे. न्यू इंग्लंडमधल्या नव्या प्रकल्पांची प्रमाणपत्रे महाग असतात आणि स्थानिक परिणामही त्यांचाच. बॉस्टनच्या 2021 मध्ये सुरू झालेल्या योजनेत नेहमीचा, स्वस्त आणि शंभर टक्के हरित असे तीन पर्याय ठेवले होते. छतावर सौर पॅनेल असलेल्यांचे क्रेडिट आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची सवलत योजनेत गेल्यावरही कायम राहते.

दुकानदारांसाठी एक बारकावा. योजना फक्त घरांसाठी नसते, मूळ दरावर असलेले व्यवसायही तिच्यात येतात. विक्रीकरातून सूट असलेल्या छोट्या व्यवसायाने करसवलतीचे प्रमाणपत्र नव्या पुरवठादाराकडे पुन्हा पाठवायचे असते. कंपनीकडे आधी दिलेले आहे म्हणून स्वस्थ बसले, तर पुरवठ्याच्या रकमेवर 6.25 टक्के कर लागू शकतो.

आणि गावाचा कररूपी पैसा यात जातो का? वीज गाव स्वतःच्या तिजोरीतून घेत नाही. सल्लागार संस्थेचे शुल्कही दरातच धरलेले असते, अनेक ठिकाणी युनिटमागे सेंटचा दहावा भाग.

पत्र हाती आले की तीन गोष्टी शोधा: युनिटचा दर, करार संपण्याची तारीख आणि कंपनीचा चालू मूळ दर किती तारखेपर्यंत आहे. बिलावरच्या पुरवठ्याच्या ओळीशी ताडून पाहा आणि मगच कार्ड पाठवायचे की नाही ते ठरवा.