वाकडे तोंड आणि उघडा डोळा

कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले की आपल्या कुहीत दोनच शब्द ऐकू येतात : वारं लागलं. मग तेलाची मालीश होते, कोणी जाणत्याकडे नेतात, आणि चार दिवस निघून जातात. प्रस्तुत लेखक काही वैद्यकाचा पदवीधर नव्हे. कामगारांची कागदपत्रे घेऊन दवाखान्यांचे उंबरठे झिजवताना आणि रात्री पुस्तके चाळताना जे उमगले, तेवढेच येथे मांडतो. परंतु त्या चार दिवसांत काय काय गमावले जाते हे मी पाहिले आहे.

आपल्या मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या थेट बाहेर पडतात. हातापायांचे तंतू पाठीच्या कण्यातून निघतात. हे बारा कवटीच्या छिद्रांतून निघून डोळे, चेहरा, कान, जीभ व घसा यांकडे जातात. त्यांतला दहावा तेवढा भटक्या, तो छाती ओलांडून हृदयाला व पोटालाही भेटून येतो. प्राचीन काळी गेलेनने यांच्या सातच जोड्या मोजल्या होत्या. बारांची मोजणी सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७७८ साली केली, ती आजतागायत टिकली आहे.

त्यांच्या तपासणीला लागणारे साहित्य गरिबालाही परवडेल असे आहे. बॅटरी, कापसाची वात, पाण्याचा पेला आणि एक कंपनकाटा, म्हणजे ठोकला असता ठराविक स्वर देणारा पोलादी चिमटा. पहिला तंतू वासाचा. एक नाकपुडी मिटून दुसरीशी कॉफी किंवा साबण धरतात. नवसागरासारखा झोंबणारा पदार्थ चालत नाही, कारण ती झोंब पाचवा तंतू नेतो आणि परीक्षा फसते. दुसरा दृष्टीचा. तिसरा, चौथा व सहावा मिळून डोळा फिरवतात, म्हणून डॉक्टर मान न हलवता बोटामागे नजर फिरवायला सांगतात. एक डोळा मागे राहिला की माणसाला एकाचे दोन दिसू लागतात. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरच्या दवाखान्यांत काळ्या बुरशीचे रुग्ण आले, त्यांच्यात हीच खूण होती. मधुमेह, नाक चोंदलेले, गाल बधिर, पापणी पडलेली, डोळा फिरत नाही : नाकातली बुरशी डोळ्यामागच्या तंतूंपर्यंत पोचल्याचे हे लक्षण.

पापणी पडण्याचे आणखी एक कारण धानाच्या मुलखात विसरून चालणार नाही. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते, दंश दिसतही नाही, आणि पहाटे त्याच्या दोन्ही पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. येथे मेंदूतला तंतू शाबूत असतो. विष स्नायूला निरोप पोचू देत नाही. झोप अनावर झाली असे समजून त्याला निजू दिले तर पुढे श्वास थांबतो. त्याला प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र हवे, आणि तेही तातडीने.

आता सातव्या तंतूकडे वळू, कारण वारं लागलं म्हणतात ते बहुधा याचेच दुखणे. आमच्या संघटनेतील एक विडी-कामगार बाई सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळते म्हणून घाबरली. मला म्हणाली, "भाऊ, लकवा झाला का जी?" चार गोष्टी करून पाहतात : भुवया वर उचला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. सगळी गंमत पहिल्या कृतीत आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. म्हणून मेंदूत रक्ताची गुठळी अडकून लकवा झाला तर तोंड वाकडे होते, पण कपाळावर आठ्या बहुधा पडतात; जोडीला हात लुळा पडतो, बोबडी वळते. तेथे साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले तर उपयोग, म्हणून सरळ मेडिकल गाठावे. उलट खुद्द सातवा तंतूच सुजला तर त्या बाजूचे कपाळ सपाट राहते आणि डोळा मिटत नाही. या विकाराला चार्ल्स बेल या शल्यवैद्याचे नाव आहे. यातले बहुतेक रोगी काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. ७२ तासांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर अधिक. मात्र हा फरक घरच्या आरशात ठरवायचा नव्हे, तो डॉक्टरांनीच ठरवावा.

बाईचे कपाळ सपाट होते. पण डॉक्टरांनी तिचा गाल उजेडात धरला तेव्हा तेथे एक फिकट, बधिर चट्टा निघाला. कुष्ठरोग. तिने तो वर्षभर पदराआड ठेवला होता, आणि मालीशवाल्याला तो दिसलाच नव्हता. कुष्ठरोग सातव्या तंतूच्या पापणीकडच्या शाखेला धरतो, आणि पाचव्या तंतूला धरले तर बुबुळच बधिर होते. म्हणजे पापणी मिटत नाही आणि तंबाखूची धूळ गेली तरी खुपत नाही. डोळा न दुखताच सडतो. कापसाच्या वातीने बुबुळ तपासतात ते यासाठी. घरी कोणी करू नये. तिला औषधाचे थेंब, रात्री डोळ्यावर पट्टी आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या, ज्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सुरू झाल्या.

तिची भीती रोगापेक्षा नवऱ्याची होती. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली कुष्ठधाम काढले, तरी ही भीती विदर्भातून गेलेली नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून काढले गेले, हे मी तिच्या घरी जाऊन नवऱ्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. पुढल्या खेपेला तोच तिला घेऊन दवाखान्यात आला.

आठवा तंतू कानाचा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिच्यासारख्या गिरण्यांच्या मागखात्यात उभे आयुष्य काढलेले विणकर ओठ पाहून बोलणे ओळखत. गोंगाटाने कानातल्या केसाळ पेशी मरतात आणि आधी वरच्या पट्टीतले स्वर जातात. कंपनकाटा कानामागच्या हाडावर, मग कानासमोर धरतात. कानासमोर कमी आणि हाडावर जास्त ऐकू आले तर दोष बहुधा मळाचा वा पडद्याचा, तो काढता येतो. दोन्हीकडे कमी, पण कानासमोर त्यातल्या त्यात बरे, असे असेल तर आतले गेले, ते परत येत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत गोंगाटाने आलेला बहिरेपणा पुढे घालण्यात आला, २०२० च्या संहितेतही तो आहे. पण दावा लावायला कानाचा आलेख लागतो, म्हणून कामावर लागतानाच एक काढून कागद जपून ठेवावा.

नववा, दहावा आणि बारावा यांची परीक्षा सोपी : आ करा, एक घोट पाणी गिळा, जीभ बाहेर काढा. जीभ ज्या बाजूला वळते, बहुधा त्याच बाजूचा बारावा तंतू दुबळा. अकरावा खांदे उचलायला लावून पाहतात.

बाईची पापणी आता मिटते, थोडी उशिराने. विड्या वळताना ती चष्मा लावते.