आठ तासांचे दुब्रोवनिक

समुद्रपर्यटनातील अखेरच्या बंदराचे स्थान काही वेगळेच असते. आठवडाभराची सफर संपत आलेली असते आणि त्यापुढचा मुक्काम म्हणजे घरची वाट. एड्रियाटिक समुद्रातील कित्येक सफरींत हा मान क्रोएशियातील दुब्रोवनिक या तटबंदीच्या नगराकडे जातो. तेथून जहाज उत्तरेकडे वळते आणि त्रिएस्तसारख्या बंदरात उतारूंचा निरोप घेते.

बंदरातला दिवस पहाटेच सुरू होतो. बंदराचा पायलट छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतो आणि त्याच्या मार्गदर्शनाखाली जहाज ग्रूझच्या धक्क्याला लागते. दोर बांधले जातात, कागदपत्रे तपासली जातात आणि मगच उतरण्याची शिडी लागते. प्रत्येक उतारूची नोंद उतरताना व परतताना होत असल्यामुळे मागे कोण राहिले, हे तत्काळ कळते. जहाज सुटण्यापूर्वी साधारण अर्धा तास सर्वांनी परतावयाचे असते. जहाजानेच काढलेल्या सहलीस विलंब झाला तर जहाज सहसा थांबते. आपल्या मर्जीने हिंडणाऱ्यासाठी मात्र ते थांबत नाही. त्याने स्वखर्चाने पुढचे बंदर गाठावयाचे.

हा नियम निष्ठुर वाटला तरी त्यामागे हिशेब आहे. धक्क्यावरची जागा ठरावीक वेळेपुरतीच मिळते व पुढच्या बंदरातील वेळही आधीच ठरलेली असते. विलंब भरून काढावयाचा तर वेग वाढवावा लागतो, आणि वेग थोडासा वाढला तरी इंधन पुष्कळच अधिक जळते. म्हणून नगराच्या वाट्याला जेमतेम आठ-दहा तास येतात.

या मोजक्या तासांत सर्वांची पावले एकाच दिशेने पडतात. ग्रूझपासून जुने नगर सुमारे तीन किलोमीटरांवर आहे. पिले दरवाजातून आत शिरताच १४३८ सालचे ओनोफ्रिओचे कारंजे दिसते. पुढे स्त्रादून हा जेमतेम ३०० मीटर लांबीचा राजरस्ता लागतो. नगराभोवतीचा तट १,९४० मीटर लांब आहे. एवढ्याशा जागेत दोन-तीन मोठ्या जहाजांचे हजारो उतारू एकाच सकाळी लोटले, म्हणजे पाहुण्याला नगर दिसत नाही आणि रहिवाशाला आपल्या दाराबाहेर पडणे कठीण होते. घरांच्या पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आणि जुन्या नगरातील मूळची वस्ती फार घटली. १९९१ साली तोफांचा भडिमार सोसूनही उभे राहिलेले हे नगर पाहुण्यांच्या गर्दीने ओस पडू लागले, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

परंतु येणाऱ्या जहाजांना मर्यादा घालणे या नगराला नवे नाही. राग्युसा या नावाने ते स्वतंत्र व्यापारी प्रजासत्ताक होते, तेव्हा १३७७ साली तेथील महासभेने प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना एक महिना बाहेर राहण्याचा दंडक घातला. त्यांनी मर्कान बेटावर किंवा त्साव्तात येथे थांबावे आणि मगच नगरात यावे, असा तो नियम होता. 'क्वारंटाइन' या पद्धतीचा हा आरंभ. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि त्या चाळीसाच्या इटालियन आकड्यावरूनच हा शब्द रूढ झाला. व्यापारावर जगणाऱ्या नगराने व्यापार बंद केला नाही. त्याला केवळ शिस्त लावली.

तीच दृष्टी आजही दिसते. २०१९ पासून एका वेळी दोनच मोठी पर्यटन-जहाजे घ्यावयाची व त्यांच्या वेळा विभागावयाच्या, असे धोरण नगराने जहाज-कंपन्यांशी विचारविनिमय करून आखले. पूर्वी रोगाला अटकाव करावयाचा होता. आता गर्दीला करावयाचा आहे.

स्त्रादूनच्या टोकाशी नगराचे रक्षक मानलेल्या संत ब्लेझ यांचे चर्च आहे. गोव्याच्या प्रवाशाचे पाऊल तेथे क्षणभर थबकेल. जुन्या गोव्याजवळील गवंडाळी येथील चर्चही याच संताचे असून त्याचा संबंध सोळाव्या शतकातील राग्युसाच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. त्या काळी गोव्याहून निघालेल्या माणसाला येथे पोहोचावयास महिने लागत. आजचा उतारू सकाळी उतरतो आणि संध्याकाळी जहाजावर परतून सामानाला चिठ्ठ्या बांधू लागतो. सफरीच्या शेवटच्या रात्री हे सामान खोलीबाहेर ठेवावयाचे असते.

जहाज सुटते, तटावरचे दिवे मागे पडतात. पाहुण्यासाठी तो दिवस संपतो. नगराला मात्र तेथेच राहावयाचे असते. म्हणून दार किती उघडावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्या नगराचाच होय.