‘जिव्या’ ह्या विशेषनामाचे उच्चार

विशेषनामाचा अर्थ पुष्कळदा विस्मृतीत जातो. उच्चार मात्र रोज करावा लागतो, आणि प्रत्येकजण तो आपल्या बोलीच्या सवयीने करतो. ह्या सवयींचे स्वरूप पाहण्यास पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके सोयीचे आहेत. वारली बोली, शाळेतील प्रमाण मराठी आणि सीमेलगतची गुजराती ह्या तिन्ही तेथे एकाच बाजारात कानी पडतात. उदाहरणादाखल चित्रकार जिव्या सोमा मशे ह्यांचे नाव घेऊ. त्यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. आयुष्य डहाणू तालुक्यात, गंजाडजवळील कलंबीपाड्यावर गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले.

ह्या नावातील ‘ज’विषयी मराठी भाषकांत मतभेद होत नाही. ‘जाळे’, ‘जोडा’ ह्यांतील ‘ज’ दंततालव्य आहे. परंतु पुढे इकार आला की तो ‘जिरे’ शब्दातल्याप्रमाणे तालव्यच होतो. मतभेद सुरू होतो तो इकारापासून. ‘जीव’ शब्द मनात धरून कोणी ‘जीव्या’ असे दीर्घ लिहितात. तथापि ‘जीव’चे ‘जिवाला’ होताना मराठी इकार ऱ्हस्व करते, आणि ‘जिव्या’ हे रूप त्या वळणाशी जुळते. गुजरातीत ऱ्हस्व व दीर्घ इकारांचा भेद उच्चारात अर्थभेदक नाही. म्हणून गुजराती वळणाच्या कानाला हा वाद निरर्थकच वाटेल.

खरा प्रश्न शेवटच्या ‘-या’चा आहे. शहरी मराठीत ‘राम्या’, ‘गण्या’ ही रूपे सलगीची, प्रसंगी तुच्छतेचीही असतात. त्यामुळे ‘जिव्या’ ऐकताच सुशिक्षिताला वाटते की, मूळ नाव ‘जिवा’ असून कोणीतरी ते हलके केले आहे. जिवा महाला इतिहासामुळे परिचित असल्याने हा समज अधिकच पक्का होतो. मग तो सद्‌हेतूने ‘जिवा’ म्हणतो, क्वचित तसेच लिहितोही. परंतु वारली समाजात ‘-या’ हा पुरुषनामांचा नेहमीचा शेवट आहे. त्यात हेटाळणी नाही. १९४५ साली वारल्यांच्या लढ्यात तलवाडा येथे गोळीबारात हुतात्मा झालेले जेठ्या गांगड ह्याच नावाने स्मरले जातात. त्यांना ‘जेठा’ करून कोणी अधिक मान देत नाही. सारांश, येथे सुधारणा म्हणून जे केले जाते ते वस्तुतः दुसऱ्याचे नाव बदलणे होय.

आडनावाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. ते ‘मशे’ असेही छापले जाते व ‘म्हसे’ असेही. ‘स’ व ‘श’ ह्यांची अदलाबदल मराठीस नवी नाही. ‘म्हैस’चे ‘म्हशी’, ‘पैसा’चे ‘पैशाला’ होते. ‘म्ह’मधील महाप्राण झटपट बोलण्यात क्षीण होतो. रोमन लिपीने ह्यात भर घातली. त्या लिपीतील आडनाव पुन्हा नागरीत आणताना ‘माशे’ असे तिसरे रूप निर्माण झाले. खुद्द ‘वारली’ ह्या जातिनामाचेही रोमन लिपीतून ‘वर्ली’ होते, आणि मुंबईतील वरळीशी त्याचा घोटाळा होतो.

जिव्यांची चित्रे १९८९ साली पॅरिसला व २००३ साली ड्युसेलडॉर्फला प्रदर्शित झाली, तेव्हा नावही प्रवासास निघाले. जे रोमन अक्षर आपण ‘ज’साठी वापरतो त्याचा उच्चार फ्रेंचमध्ये मृदू घर्षक, तर जर्मनमध्ये ‘य’ असा होतो. म्हणजे जर्मन वाचनाच्या नियमाने हे नाव ‘यिव्या’ ठरते. हा दोष कोणाचा नव्हे. लिपी एक असली तरी वाचनाचे नियम वेगळे असतात इतकेच.

ह्या सर्व रूपांमागे नियम आहेत, म्हणून त्यांपैकी कोणत्याही उच्चारास अडाणीपणाचे लक्षण म्हणता येत नाही. परंतु सर्व उच्चार सकारण असले तरी नोंदवहीत सर्वांचा अधिकार सारखा नाही. शाळेचा दाखला, सातबारा व शिधापत्रिका ह्यांत एकाच माणसाची तीन नावे पडली, तर ती तिन्ही नावे आपलीच आहेत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. सबब नोंद करणाऱ्याने प्रथम नावाच्या धन्यास विचारावे, तो उच्चारील तसे लिहावे, आणि अन्य रूपे आढळल्यास ती शेजारी टिपावीत. भाषेच्या अभ्यासकास त्या टिपांचा उपयोग होईल. नाव मात्र ज्याचे त्याच्याकडे राहील.