सूर उपासनेचा

वाचकहो, रविवारी सकाळी अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात, जुन्या ख्रिस्तमंदिराजवळून आपण गेलात, तर आतून पेटी, तबला आणि झांजा ह्यांचा नाद कानी येईल. क्षणभर वाटेल, विठ्ठलाच्या देवळात भजन चालले आहे. चाल अभंगाची, भाषा मराठी. नाव मात्र ख्रिस्ताचे.

हे साम्य आपोआप आलेले नाही. आरंभीच्या मिशनऱ्यांनी विलायती चालींवर मराठी शब्द बसविले. हेतू शुद्ध होता, परंतु इंग्रजी चाल आघातावर चालते आणि मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा ह्रस्वदीर्घांवर. चालीच्या सोयीसाठी ‘करुणा’ शब्दातला ‘क’ लांबविला, की तो शब्दच ओळखू येईनासा होतो. ज्याचा अर्थ ओठांवरच हरवला, ते पद अंतःकरणात कसे उतरावे?

अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे ह्यांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा मार्ग चोखाळला होता. पुढे १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. संतकाव्यावर पोसलेला हा कवी म्हणे की, तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो. अभंग आणि भजने ही त्यांची देणगी होय. ‘उपासना संगीत’ ह्या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे.

अभंगाचीच निवड का, ह्याचा थोडा विचार करू. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते. पुढच्याने चरण म्हणावा, मागच्यांनी उचलावा. दोनदा ऐकले, की अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ते मुखोद्गत होते. नवख्रिस्ती मंडळींत निरक्षर आणि दलित कुटुंबे पुष्कळ होती. ज्यांना पोथीजवळ बसण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांच्या कंठात धर्मवचन आले ते गाण्याच्या वाटेने. माझ्या मते टिळकांचे हे कार्य त्यांच्या काव्यगुणांहूनही थोर आहे.

गोड सुराला मात्र एक धोका असतोच. चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टीन ह्याने आपल्या आत्मकथनात कबूल केले आहे की, गायिलेल्या वचनापेक्षा गाण्यानेच मन अधिक हेलावले, तर ते त्याला पाप वाटे. तरीही मंदिरातले गाणे बंद व्हावे असे त्याचे मत नव्हते. आपल्या भजनी मंडळांनाही ही कसोटी लागू आहे. तान घेणाऱ्याकडे साऱ्यांच्या माना वळल्या आणि सामान्य भाविक गप्प बसला, की प्रार्थना संपून मैफल सुरू होते. गळा बेसूर असला तरी ज्याच्या तोंडी पद आहे, तो उपासनेत सहभागी आहे. मुग्ध होऊन ऐकणारा श्रोता ठरतो.

म्हणून आपण मंडळीत पेटीवर बसत असाल, तर आरंभी स्वतःच्या गळ्याचा सूर धरू नका. मागच्या रांगेतील वृद्धांना वरचा षड्ज झेपतो का ते पाहा, आणि झेपत नसेल तर पट्टी दोन सुरांनी उतरवून घ्या.