गुळाच्या नावाची जात

श्रीलंकेच्या यात्रेला गेलेला आपला माणूस अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला वंदन करतो, कॅण्डीच्या दंतधातू विहारात फुले वाहतो आणि बौद्धांचा देश पाहिला म्हणून धन्य होऊन परततो. त्यात वावगे काही नाही. बाबासाहेबही मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी या बेटावर गेले होते. मात्र धम्म तिथे कितपत जिवंत आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोच्या टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. बौद्धांच्या देशात अस्पृश्य कुठून आले? यात्रेच्या बसमध्ये बसून याचे उत्तर मिळत नाही, कारण बस विहारापाशी थांबते आणि हॉटेलापाशी थांबते. म्हणून आम्ही दोघांनी भाड्याची मोटारसायकल घेतली, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि ठरवले की या बेटाचे खाणे ज्या हातांतून तयार होते, त्या हातांची छायाचित्रे काढायची.

कोलंबोहून दक्षिणेला समुद्राच्या कडेने बालपिटियाच्या बाजूला आलो की दालचिनीचा वास लागतो. शेडमध्ये जमिनीवर बसून माणसे फांद्या सोलतात. आधी वरची खरबरीत साल खरवडायची, मग पितळी कांबीने फांदी घासून आतली साल सैल करायची आणि सुरीने चिरून ती अखंड नळीसारखी उतरवायची. एका नळीत दुसरी घालत लांब कांडी तयार होते आणि छपराखाली सावलीत वाळते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या सलागम जातीकडे होते. डच कंपनीने या जातीवर सालीचा ठरावीक कोटा लादला होता. बेकायदा विक्रीला देहदंड होता. युरोपातल्या श्रीमंतांच्या पुडिंगला सुगंध यावा म्हणून ही वेठबिगारी!

तेथून आत वळून देनियायाकडे सिंहराजाच्या जंगलाच्या कडेला गेलो. रस्ता अरुंद, चढ-उताराचा, पावसाने निसरडा. इथे कितुल नावाचा माड आहे. कोकणातल्या वाचकांना तो परका नाही, आपण त्याला भेरली माड म्हणतो. माणूस दोराच्या आधाराने वर चढतो, फुलोऱ्याच्या दांड्याचा पातळ काप काढतो, खाली भांडे बांधतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाय सुटला तर संपलेच. उतरवलेला रस आंबून ताडी होऊ नये म्हणून त्याच दिवशी चुलीवर चढवावा लागतो. इथे काम बायकांच्या हाती जाते. तासन्‌तास धुरात बसून ढवळायचे. आधी काकवी होते, तिला तिथे पॅणी म्हणतात. आणखी आटवली की नारळाच्या करवंटीत ओतून गुळाची अर्धगोल ढेप पाडतात. मातीच्या मडक्यात लावलेल्या म्हशीच्या दह्यावर ही पॅणी ओतून साऱ्या लंकेत खातात. मोठ्या हॉटेलांच्या जेवणातही ती मानाने असते. छायाचित्र सुंदर येते, हे सांगायला हवे. धूर, कढईची तांबूस झाक, करवंट्यांची रांग. पर्यटनाच्या रंगीत पुस्तिकेला शोभेल असे.

पण सिंहली भाषेत गुळाला 'हकुरू' म्हणतात आणि गूळ करणाऱ्या जातीलाही 'हकुरू' म्हणत. तिचे दुसरे नाव वहुम्पुर. पदार्थ गोड, त्याच नावाने माणूस मात्र हलका! आता हे नाव चारचौघांत उच्चारणे असभ्य मानतात. जात गेली असे सांगणारे सुशिक्षित कोलंबोत पुष्कळ भेटतात. मात्र तिथल्या रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रात लग्नाच्या जाहिराती पाहाव्यात. 'गोविगम बौद्ध' हे शब्द पूर्ण लिहायचीही गरज नसते, दोन आद्याक्षरे पुरतात. गोविगम म्हणजे शेतीवाले, आपल्याकडच्या भाषेत प्रस्थापित.

जातीची ही पायरी चीवराच्याही आड आली आहे. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली थेरांनी बेटावर खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू केली. त्यातून सयाम निकाय उभा राहिला आणि काही वर्षांतच त्याची दारे गोविगमांखेरीज इतरांना बंद झाली. तथागतांनी उपालीसारख्या न्हाव्याला संघात मानाने घेतले, आणि उपालीच नाव असलेल्या थेरांच्या परंपरेत ही बंदी आली. मल्वत्त आणि अस्गिरिय या ज्या दोन शाखांकडे दंतधातूची सेवा आहे, त्या याच निकायाच्या. तिथे आजही हाच रिवाज आहे.

मग दालचिनी सोलणाऱ्यांनी काय केले? ते दारात रडत बसले नाहीत. जातीतल्या सधन मंडळींनी पैसा उभा केला. बालपिटियाजवळच्या वेलितरचे अंबगहपिटिये ज्ञानविमल थेर १७९९ मध्ये जहाजाने ब्रह्मदेशात गेले, अमरपुरात उपसंपदा घेऊन १८०३ मध्ये परतले आणि अमरपूर निकाय स्थापन झाला. दीडशे वर्षांनी, १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच. हा योगायोग असेल, पण आमच्या मनातून तो जात नाही. अर्थात पुढे अमरपूर निकायातही जातीप्रमाणे फांद्या फुटल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

कॅण्डीहून उत्तरेला ए-९ रस्त्याने निघालो. युद्धात हा रस्ता बराच काळ बंद होता. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर तो पुन्हा खुला झाला. हत्तीखिंड ओलांडली की दोन्ही बाजूंना ताडच ताड. जाफन्यात ताडाचा गूळ ताडपत्राच्या इवल्याशा टोपलीत भरून विकतात. ताडावर चढणारे नळवर आणि पळ्ळर हे हिंदू तमिळांच्या समाजात 'पंचमर' म्हणजे अस्पृश्य गणले गेले. त्यांनी उतरवलेला रस चालतो, पण चहाच्या दुकानात त्यांच्यासाठी पेला वेगळा! १९५७ मध्ये सामाजिक निर्बंधांविरुद्ध कायदा झाला, तरी दुकाने उघडली नाहीत. २१ ऑक्टोबर १९६६ ला चुन्नाकमहून जाफन्याकडे मोर्चा निघाला, त्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १९६८ मध्ये माविट्टपुरमच्या कंदस्वामी मंदिरापुढे सत्याग्रह झाला, म्हणजे काळारामानंतर ३८ वर्षांनी. या लढ्यातले लेखक के. डॅनियल यांनी आपल्या कादंबरीचे नावच 'पंचमर' ठेवले. चळवळीच्या वाचकांपर्यंत ती मराठीतून यायला हवी.

चुन्नाकमच्या बाजारात मोर्चाची खूण शोधत आम्ही बराच वेळ गाडी हळू चालवली, पण काही दिसले नाही. भाजीचे ढीग, केळीचे घड, ताडगुळाच्या टोपल्या मांडून बसलेल्या बाया. एका बाईने छायाचित्राला हात आडवा केला. आधी गूळ घ्या, म्हणाली. आम्ही दोन टोपल्या घेतल्या. मग तिने पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले.