बोलणारं मांजर आणि न ऐकणारी माणसं

खून झालेला आहे, पोलीस भलत्याच माणसाच्या मागे लागलेत आणि खरा गुन्हेगार कोण हे फक्त घरातल्या मांजराला ठाऊक आहे. एवढ्या भांडवलावर इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, गेली जवळजवळ साठ वर्षं कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या निघताहेत. रहस्यकथेच्या या शाखेला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. गाव लहान आणि ओळखीपाळखीचं, खून होतो तो पडद्याआड आणि तपास करणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसून ग्रंथपाल, बेकरीवाली, पुस्तकविक्रेती अशी कुणीतरी. या घराण्याची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. तिची पहिली कादंबरी 1930 ची. या प्रकारच्या लेखनाचे चाहते अमेरिकेत 1989 पासून 'मॅलिस डोमेस्टिक' नावाचं संमेलन भरवतात आणि तिथल्या पुरस्काराला नाव अगाथाचंच आहे. मुखपृष्ठावर मांजर दिसलं की रहस्यकथेचे कडवे वाचक नाक मुरडतात. त्यांना तो लाडिकपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. हौशी गुप्तहेराच्या कथेतली एक जुनी अडचण हे मांजर सोडवतं आणि ती सोडवता सोडवता विनोदही तिथूनच निघतो. अट एकच आहे: मांजराला सगळं कळलं पाहिजे, पण त्याचं म्हणणं माणसांपर्यंत धड पोचता कामा नये.

अडचण अशी की पोलिसाला चौकशीचा हक्क असतो, झडती घेता येते, हाताशी प्रयोगशाळा असते. हौशी माणसाकडे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसण्यापलीकडे काय असतं? मिस मार्पलचं काम गावगप्पांवर भागलं, पण प्रत्येक नायिकेला तिची बुद्धी देता येत नाही. रिटा मे ब्राउन यांनी 1990 मध्ये 'विश यू वेअर हिअर' ही कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनी दोन उपाय एकदम योजले. पहिला व्यवसायाचा. त्यांची नायिका हॅरी ही व्हर्जिनिया राज्यातल्या क्रोझे गावची पोस्टमास्तरीण. लोकांची पोस्टकार्डं तिच्या नजरेखालून जातातच. थडग्याचं चित्र असलेली कार्डं येतात, मागे सहलीला गेलेला माणूस लिहितो तसा आपुलकीचा मजकूर असतो आणि ज्यांना ती येतात ते मरतात. दुसरा उपाय मिसेस मर्फी ही मांजरी आणि तिची साथीदार टकर ही कॉर्गी जातीची कुत्री. या दोघी आपसात अस्खलित बोलतात. वास घेतात, दुवे जोडतात, हॅरीच्या बावळटपणावर ताशेरे झोडतात. हॅरीच्या कानावर पडतं ते म्याँव आणि भुंकणं. वाचकाला माहीत आणि पात्राला नाही, या फार्सच्या जुन्या युक्तीवर सगळा डोलारा उभा आहे. गंमत म्हणजे मुखपृष्ठावर सहलेखिका म्हणून 'स्नीकी पाय ब्राउन' हे नावही आहे आणि ते लेखिकेच्या मांजरीचं आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला सरळ सामना असतो. त्यात चमत्कार आणला की डाव मोडला. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा दंडक घालून दिले, त्यात अतिमानवी शक्तींना स्पष्ट मज्जाव आहे. बोलणारं मांजर आणखी वेगळं काय असतं? पण नॉक्सच्याच यादीत पुढे दोन कलमं आहेत. एक, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापुढे ताबडतोब ठेवला पाहिजे. दुसरं, त्याच्या वॉटसनछाप मित्राने मनातलं काही लपवू नये आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा जराशीच कमी असावी. मिसेस मर्फीला जे कळतं ते वाचकाला लगेच कळतं, तेव्हा पहिलं कलम शाबूत राहतं. आणि दुसऱ्या कलमातली जागा हॅरीला मिळते. होम्स चार पायांवर चालतोय आणि वॉटसन त्याच्यासाठी वाटीत दूध ओततोय, अशी ही उलटापालट आहे. मांजराने दिलेली माहिती पुरावा म्हणून कुठेच चालत नसल्यामुळे माणसाला तीच गोष्ट आपल्या मार्गाने नव्याने सिद्ध करावी लागते. चमत्कार आहे खरा, पण तो कोडं सोडवत नाही. कोडं सुटायला किती वेळ लागतो हे वाचकाला आधीपासून दाखवत राहतो.

मांजराचं बोलणं माणसांना कळलं तर काय होतं, हे 'साकी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने 'टोबरमोरी' या कथेत कधीच दाखवून ठेवलं आहे. 1911 मध्ये पुस्तकात आलेली ही कथा रहस्यकथा नव्हे, पण या सगळ्या पुस्तकांच्या मुळाशी आहे. बड्या घरी पाहुणे जमलेत. त्यातल्या एका गृहस्थाने घरच्या बोक्याला माणसाची भाषा शिकवली आहे. पाहुणे कौतुकाने प्रश्न विचारू लागतात आणि बोका शांतपणे उत्तरं देतो. कोण कोणाबद्दल मागे काय बोललं, कोणाला कशासाठी बोलावलं आहे, सगळं. मग एकेकाच्या लक्षात येतं की हा बोका रात्री-अपरात्री झोपायच्या खोल्यांच्या कठड्यावरून फिरत असतो. चहा संपायच्या आत त्याला विष घालायचं ठरतं. मांजराला माणसांचं काय माहीत नसतं, हा प्रश्न साकीने असा एका दुपारात निकालात काढला.

शर्ली रूसो मर्फी यांच्या कॅलिफोर्नियातल्या मालिकेने हाच धोका पत्करला. 1996 च्या 'कॅट ऑन द एज'पासून त्यांचा जो ग्रे हा करडा बोका माणसांशी बोलतो. मग लेखिकेलाच त्याचं तोंड बंद ठेवायची सोय करावी लागली. त्याचं गुपित मोजक्याच माणसांना माहीत असतं आणि पोलिसांना खबर द्यायची तर तो फोन करतो, नाव न सांगता. बोका मालकाच्या फोनवर पंजे ठेवून ठाण्यात खबर देतोय आणि पलीकडचे अधिकारी हा विश्वासू खबऱ्या कोण म्हणून डोकं खाजवताहेत, हे या मालिकेतलं सर्वांत मजेदार चित्र आहे. ते जमलं याचं कारण एकच: बोलणं पोचलं तरी बोलणारा पोचत नाही.

मांजरच का, कुत्रा का नाही? हुंगण्यात तर कुत्रा सरस. पण कुत्रा मालकाच्या बाजूचा असतो. कॉनन डॉयलच्या 1892 च्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये तो न भुंकल्यामुळे उलगडा होतो, तोही ओळखीच्या माणसाशी असलेल्या इमानापोटीच. मांजर कोणाच्याच बाजूचं नसतं. ते पाच घरी जातं, खिडकीत बसतं, त्याच्यासमोर लोक निर्धास्त बोलतात. माणसाला सुमारे 20 हजार हर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, मांजराला त्याच्या तिपटीहून जास्त ऐकू येतं. पंचतंत्रातला दधिकर्ण ससा आणि कपिंजल पक्षी यांच्या भांडणात न्यायाधीश होऊन दोघांनाही खातो, तेव्हा मांजराच्या निःपक्षपातीपणाबद्दल आपल्याकडे फार भ्रम नाहीत हेही खरं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की आपलं काम बिघडतं. इथे खुन्याचं बिघडतं. एडगर अॅलन पो याने तर 1843 मध्येच भिंतीत चिणलेलं प्रेत मांजराच्या आक्रोशाने उघडं पाडलं होतं. आणि हे सगळं कल्पनेतलंच, असं म्हणणाऱ्यांसाठी कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचा 1994 चा खून आहे. रक्ताने माखलेल्या जाकिटावर पांढरे केस सापडले. ते माणसाचे नव्हते. संशयिताच्या घरी 'स्नोबॉल' नावाचं पांढरं मांजर होतं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने केसातला डीएनए त्याच्या रक्ताशी ताडून पाहिला. बेटावरची सगळीच मांजरं जवळच्या नात्यातली असतील तर हा मेळ फुकट, म्हणून तिथल्या इतर मांजरांचीही तपासणी झाली. आरोपीला शिक्षा झाली. स्नोबॉल चकार शब्द बोललं नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: माणूस मेलाय आणि तुम्ही मांजराच्या टोमण्यांवर हसताय. यात तथ्य आहे. या कादंबऱ्यांतली पहिली प्रेतं बहुतेक अशा माणसांची असतात ज्यांच्यासाठी फारसं कोणी रडत नाही, आणि ही लबाडीच आहे. पण दोष मांजराच्या माथी मारता येत नाही. आकिफ पिरिंच्ची यांची 'फेलिडे' ही 1989 ची जर्मन कादंबरी पाहा. तिथेही मांजरंच बोलतात, तपासही मांजरच करतं, पण बळीही मांजरंच आहेत आणि पुस्तक इतकं काळंकुट्ट आहे की त्यात मऊ उबदार काही शोधून सापडणार नाही. विनोद मांजर बोलण्यात नाही, तर बोलणाऱ्या मांजराशेजारी न समजणारा माणूस असण्यात आहे. 'फेलिडे'त तो माणूस जवळजवळ नाहीच.

म्हणूनच या प्रकाराला लोकप्रिय करणाऱ्या लिलियन जॅक्सन ब्रॉन यांचं मांजर अजिबात बोलत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स' 1966 मध्ये आलं. क्विलरन हा पत्रकार आणि कोको हा सयामी बोका. कोको वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून उलट्या दिशेने नाक फिरवतो, पुढे पुढे फळीवरची नेमकी पुस्तकं खाली पाडतो, आणि यातला इशारा किती आणि मांजरपणा किती हे लेखिका शेवटपर्यंत सांगत नाहीत. तीन पुस्तकांनंतर 18 वर्षं काही आलं नाही. 1986 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली आणि 2007 पर्यंत पुस्तकांची संख्या 29 झाली. शेवटची पुस्तकं पातळ आहेत, त्यांत रहस्य तोंडी लावण्यापुरतंच. साचेबद्धपणाचा आक्षेप तिथे मान्य करावाच लागतो. जपानमध्ये जिरो आकागावा यांनी 1978 पासून चालवलेल्या मालिकेत होम्स नावाची तिरंगी मांजरी आहे. तीही बोलत नाही, आणि तिच्या सोबतच्या पोलिसाला रक्त पाहिलं की घेरी येते. हल्लीच्या कित्येक मालिकांत मांजर जादूच्या जोरावर मालकिणीशी सरळ गप्पा मारतं, खुन्याचं नावही सुचवतं. मग नायिकेला करायला उरतं ते चहा आणि केक. नव्याने वाचू पाहणाऱ्याने आधी दहाएक पानांची 'टोबरमोरी' वाचावी, मग कोकोची पहिली तीन पुस्तकं, मग हॅरीचं पोस्ट ऑफिस. त्यानंतरही हौस उरली तर जो ग्रेचा फोन वाजतोच आहे.